पाटी 'गावरान'ची, पक्षी कुठला?

'गावरान चिकन मिळेल' अशी पाटी लावलेल्या दुकानात पिंजऱ्यातला पक्षी चारपैकी कुठलाही असू शकतो. पहिला, खरोखर खेड्यात दारापुढे फिरून वाढलेला देशी. दुसरा, गिरिराज, वनराज, कावेरी अशा सुधारित जातींचा. हा शेडमध्ये पोत्यातलं खाद्य खाऊनही वाढतो आणि मोकळा सोडला तरी वाढतो. तिसरा कॉकरेल, म्हणजे अंड्यांच्या हॅचरीत निघालेली नर पिल्लं. ती अंडी देणार नाहीत आणि ब्रॉयलरसारखी भरणारही नाहीत, म्हणून अडीच-तीन महिने पोसून विकतात. चौथी म्हणजे पिंजऱ्यात दीड वर्ष अंडी देऊन निवृत्त झालेली लेअर कोंबडी. पांढरी असेल तर स्वस्तात जाते, तपकिरी असेल तर हमखास 'गावरान' होते. चौघांची चव वेगळी, शिजायला लागणारा वेळ वेगळा, आणि किंमतही वेगळी असायला हवी. पाटी मात्र एकच.

ब्रॉयलर नको असं ठरवलेल्या पुणेकराची खरी अडचण इथून सुरू होते. नैसर्गिकरीत्या वाढलेलं खायचं हा निर्णय सोपा आहे. पैसे मोजल्यावर तेच हातात पडलं का, हे ओळखणं कठीण. दुकानदाराला 'गावरान आहे का' असं विचारून उपयोग नसतो, 'हो' हे एकच उत्तर मिळतं. विचारायचं ते जात कोणती, काय खाऊन वाढला आणि वय किती. तिन्हींची उत्तरं पक्ष्याच्या अंगावरही लिहिलेली असतात, त्यामुळे पडताळा तिथल्या तिथे होतो.

आधी पाय बघा. जमिनीवर फिरलेल्या कोंबडीची नखं उकरून उकरून झिजलेली, बोथट असतात. तळवा खरखरीत आणि बऱ्याचदा मळकट. पिंजऱ्यातल्या लेअरला उकरायला मातीच मिळत नाही, म्हणून तिची नखं लांब, वळलेली असतात. मग चोच. लेअर पक्षी एकमेकांना टोचू नयेत म्हणून लहानपणीच त्यांच्या चोचीचं टोक कापतात. वरची चोच आखूड, खालची पुढे आलेली दिसली, की ती कोंबडी कुठून आली हे सांगायला दुकानदाराची गरज उरत नाही. गळ्याखालची आणि छातीवरची पिसं घासून गेलेली असतील तर ती पिंजऱ्याच्या तारेची खूण. हे सगळं बघायला अर्धा मिनिट पुरतो. कॅम्पातल्या शिवाजी मार्केटसारख्या ठिकाणी जिवंत पक्षी निवडून घेता येतो, तिथे ही संधी आहे. कापून, पिशवीत भरून, बर्फात ठेवलेल्या 'गावरान'मध्ये ती नाही.

वयाचा अंदाज नरात पायामागच्या काट्यावरून येतो. पाच-सहा महिन्यांच्या कोंबड्याला तिथे जेमतेम गाठ असते; काटा बोटाच्या पेरापर्यंत आला असेल तर तो वर्षाच्या पुढचा. मादीत छातीच्या हाडाचं मागचं टोक दाबून बघायचं. कोवळ्या पक्ष्यात ते कुर्चेसारखं वाकतं, जून पक्ष्यात दगडासारखं लागतं. जून म्हणजे वाईट असं अजिबात नाही, रश्श्याला जूनच लागते. फक्त घरी नेऊन पंचवीस मिनिटांत शिजवायचा बेत असेल तर तो पक्षी तिथेच सोडून द्यावा.

सगळ्यात पक्का पुरावा मात्र कापल्यावर मिळतो. दुकानदाराला पोटा तुमच्यासमोर उभा चिरायला सांगा. फिरून खाल्लेल्या पक्ष्याचा पोटा जाड, गडद लाल आणि घट्ट स्नायूचा असतो. आत बारीक खडे, गवताचे तुकडे, भाताचं किंवा बाजरीचं अर्धवट दळलेलं टरफल, कधी किड्याचा पंख निघतो. पक्ष्याला दात नसल्यामुळे तो खडे गिळून त्यांवर दाणे दळतो. नुसतं तयार खाद्य खाल्लेल्या पक्ष्याला दळायला काही नसतं, म्हणून त्याचा पोटा पातळ, मऊ राहतो आणि आत एकसारखा पिवळट भरडा दिसतो. शेडमध्ये वाढवलेला गिरिराज रंगीत पिसांमुळे बाहेरून फसवू शकतो, पोट्यात नाही.

आता ब्रॉयलरबद्दल, कारण त्याच्यावर निष्कारण आणि सकारण असे दोन्ही आरोप होतात. 'संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन फुगवतात' हा आरोप निष्कारण आहे. शेडमधल्या हजारो पक्ष्यांना एकेक पकडून रोज टोचणं परवडण्यासारखं नाही आणि त्याची गरजही नाही. गेल्या सत्तरेक वर्षांच्या निवडक पैदाशीने, मोजून-मापून बनवलेल्या खाद्याने आणि रात्रीही चालू ठेवलेल्या दिव्यांनी तो पक्षी सुमारे ४० दिवसांत दोन-सव्वादोन किलोचा होतो. एक किलो वजनाला त्याला साधारण १.६ ते १.७ किलो खाद्य पुरतं. हे गणित देशात पक्कं करण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे: १९७१ मध्ये सुरू झालेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचं मुख्यालय इथेच आहे, आणि अंड्यांचे भाव सुचवणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ मधली.

सकारण आरोप प्रतिजैविकांचा. दाटीवाटीत एक पक्षी आजारी पडला की सगळी शेड पडते, म्हणून औषध पाण्यातून सगळ्यांनाच जातं, आणि काही ठिकाणी आजार नसतानाही जातं. माणसावरच्या गंभीर संसर्गात शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं कॉलिस्टिनही आपल्याकडे कोंबडीच्या खाद्यात जायचं. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने पशुपालनात त्याच्यावर बंदी घातली. इतर औषधांसाठी नियम असा, की शेवटचा डोस आणि कत्तल यांत ठरलेले दिवस जाऊ द्यायचे. ज्याचं चाळिसाव्या दिवशी गाडीत भरणं ठरलेलं आहे त्याने छत्तिसाव्या दिवशी औषध द्यावं लागलं तर काय करायचं, हा खरा प्रश्न. ब्रॉयलर घेणारच असाल तर हे दिवस कागदावर नोंदवणाऱ्याकडून घ्या. मोकळ्या पक्ष्यात हा धोका कमी, कारण पक्षी पाच-सहा महिने जगतो आणि दाटी नसते. शून्य मात्र नाही.

लसीची गोष्ट वेगळी. गावरान पाळणारा 'आम्ही कसलीच लस देत नाही' असं अभिमानाने सांगत असेल तर मला त्याच्याकडून घ्यायला आवडत नाही. मानमोडी आली, म्हणजे राणीखेत, की गावातली खुराडी आठवड्यात रिकामी होतात. मग तोच माणूस घाईघाईत बाजारातून कुठलेही पक्षी आणून तुमची ऑर्डर पुरी करतो. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि सहा ते आठ आठवड्यांत आर-टू-बी या राणीखेतच्या लशी, एवढं करणारा पाळणारा त्याच्या पक्ष्यांची काळजी घेतो असं समजावं.

अंड्यांकडे वळू. तिथली फसवणूक जास्त बारीक असते.

कवचाचा रंग जातीवर ठरतो, संगोपनावर नाही. तपकिरी अंडं देणाऱ्या संकरित कोंबड्या पिंजऱ्यात पाळतात आणि त्यांची अंडी 'ब्राऊन' म्हणून जास्त भावाने विकतात. फसवणूक म्हणता येणार नाही, पण तो रंग गावाचा पुरावाही नाही. बलकाच्या रंगाचं तसंच. तो खाद्यातल्या पिवळ्या मक्यावर, हिरव्या पाल्यावर किंवा खाद्यात मिसळलेल्या झेंडूच्या अर्कावर ठरतो. गर्द केशरी बलक शेडमध्येही सहज मिळवता येतो. फिरत्या कोंबडीची खूण उलट दिशेने शोधायची: एकाच डझनात एक बलक फिका, एक गडद, एक मधला. मे महिन्यात, माळावर हिरवं काही नसताना, खरं गावरान अंडं फिकंच निघतं. श्रावण-भाद्रपदात तेच गडद होतं. बाराही महिने एकाच छटेचा केशरी बलक देणारा विक्रेता कोंबडीपेक्षा खाद्याचा हिशोब जास्त सांभाळतो आहे.

आकारही बघा. देशी कोंबडीचं अंडं बहुधा ३५ ते ४५ ग्रॅमचं, क्रीमपासून फिकट तपकिरीपर्यंत कुठल्याही छटेचं. टोपलीत सगळी अंडी ५५ ग्रॅमच्या आसपास आणि एका रंगाची असतील तर ती खेड्यातल्या वेगवेगळ्या घरांमधून गोळा केलेली नाहीत. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून रंगवण्याचे प्रकारही होतात. ओल्या पांढऱ्या फडक्याने दाबून घासलं की फडक्याला डाग लागतो. पाकिटावर 'केज फ्री' असेल तर त्याचा अर्थ पिंजरा नाही एवढाच. कोंबड्या भुश्श्यावर, बंद शेडमध्ये, आयुष्यभर सूर्य न बघता असू शकतात. तेही पिंजऱ्यापेक्षा बरंच, पण बाहेर सोडतात का आणि दिवसातून किती तास, हे वेगळं विचारावं लागतं.

भाव का जास्त, याचं गणित एकदा मांडून बघण्यासारखं आहे. पिंजऱ्यातली लेअर रोज सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते आणि वर्षाला ३००-३२० अंडी देते. म्हणजे एका अंड्यामागे साधारण १२५-१३० ग्रॅम खाद्य. देशी कोंबडी वर्षाला ६०-८० अंडी देते. बारा-पंधरा अंडी झाली की खुडूक बसते, उबवण्यात २१ दिवस, मग पिल्लं सांभाळण्यात दोन-अडीच महिने. तिला फिरून मिळणाऱ्या खाण्याखेरीज रोज ४५ ग्रॅम धान्य टाकलं तरी वर्षाचे झाले १६ किलोहून जास्त. सत्तर अंड्यांत वाटले तर प्रत्येकी २३० ग्रॅमच्या पुढे. वर मुंगूस, घार, भटकी कुत्री यांनी नेलेला हिस्सा. त्यामुळे साध्या अंड्यापेक्षा दोन-चार रुपये जास्त देऊन खरं देशी अंडं बारमाही मिळेल, ही अपेक्षाच चुकीची. त्या भावात मिळतं ते सुधारित जातीचं. मोकळं फिरलेल्या ग्रामप्रिया किंवा कावेरीचं अंडं घेण्यात काहीच कमीपणा नाही. माझं मत विचाराल तर रोजच्या खाण्यासाठी हाच शहाणा मधला मार्ग. फक्त तो देशीच्या भावाने घेऊ नये.

पोषणाबद्दल उगाच मोठे दावे करू नयेत. लहान अंड्यात प्रथिनं त्या मानाने कमीच असणार. हिरवं खाणाऱ्या, उन्हात फिरणाऱ्या कोंबडीच्या बलकात अ, ड आणि ई जीवनसत्त्वं आणि ओमेगा-३ जास्त असतात, हे खरं. पण शहराच्या कडेला, कचरा जाळतात त्या उकिरड्यावर चरणारी कोंबडी जे खाते तेच तिच्या अंड्यात उतरतं, शिसंसुद्धा. मोकळी फिरते एवढं पुरत नाही, कुठे फिरते हेही बघायचं. आणि गावरान आहे म्हणून कच्चं अंडं दुधात घालून प्यायला सुरक्षित होत नाही. साल्मोनेलाला दोन्ही कोंबड्या सारख्याच.

खेड्यातल्या अंड्यांची खरी अडचण ताजेपणाची. घरोघरची पाच-सात अंडी गोळा होऊन शहरात यायला आठ-दहा दिवस सहज जातात, आणि कोंबडा सोबत असल्यामुळे बरीचशी फळलेली असतात. उन्हाळ्यात तापमान २७-२८ अंशांच्या वर राहिलं की आत गर्भ वाढायला लागतो. मार्च ते जून अंडी आणल्याबरोबर अंधारात मोबाईलचा टॉर्च जाड टोकाला लावून बघा. लालसर शिरांचं जाळं किंवा काळा ठिपका दिसला तर ते बाजूला. मग पाण्यात टाका: तळाशी आडवं पडलं तर ताजं, तळाशीच पण उभं राहिलं तर दोन-तीन आठवड्यांचं, तरंगलं तर टाकून द्यायचं. गावरान अंडी नेहमी वेगळ्या वाटीत एकेक फोडावीत, थेट केकच्या पिठात किंवा तव्यावर नाही. आणून लगेच धुवू नका. कवचावर एक नैसर्गिक थर असतो, धुतला की बारीक छिद्रं उघडी पडतात. माती लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा आणि वापरायच्या आधी धुवा, तेही अंड्यापेक्षा थोड्या कोमट पाण्याने. गार पाण्याने आतला भाग आकसतो आणि बाहेरची घाण आत ओढली जाते.

ताजं अंडं उकडल्यावर सोलताना पांढरा भाग कवचासकट निघतो. ताज्या अंड्याचा पांढरा भाग कमी अल्कधर्मी असतो आणि पापुद्र्याला चिकटून राहतो. गार पाण्यात ठेवून उकळण्याऐवजी उकळत्या पाण्यात अलगद सोडा, ९-१० मिनिटं ठेवा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. बहुतेक वेळा साल नीट निघते.

दुधाचं बघू. काचेच्या बाटलीत आलं म्हणून दूध चांगलं होत नाही आणि पिशवीतलं आहे म्हणून वाईट होत नाही. पिशवीवर काय आहे ते छापलेलं असतं: टोण्ड म्हणजे ३ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ), फुल क्रीम म्हणजे ६ आणि ९. गोठ्यातून थेट येणाऱ्या दुधाला असा छापील आधार नाही, म्हणून गोठ्याचं गणित स्वतः करावं लागतं. खिल्लार ही मुळात कामाची, बैलांसाठी जपलेली जात. गाय दिवसाला दोन-तीन लिटर दिली तर खूप. रोज १०० लिटर 'खिल्लार गाईचं दूध' घरोघर पोचवणाऱ्याकडे निदान ३५-४० दुभत्या गाई हव्यात, आणि भाकड धरून साठच्या पुढे. गीरचा हिशोब सहा ते आठ लिटरचा धरा. आकडे जुळत नसतील तर बाकीचं दूध होल्स्टीन या विदेशी जातीच्या संकराचं असणार. ते पिण्यात गैर काही नाही, पण मग तो भाव कशाचा?

'ए-टू' शब्दावरून भाव ठरत असेल तर थोडं सावध राहा. ए-टू म्हणजे दुधातल्या बीटा-केसीन प्रथिनाचा एक प्रकार. देशी गाईंत तो बहुतांश असतोच आणि म्हशीच्या दुधातही तोच असतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये ए-वन, ए-टू हे दावे काढायला सांगितले आणि आठवड्याभरातच ती सूचना मागेही घेतली. माझ्या लेखी जातीपेक्षा गव्हाणीत काय पडतं हे महत्त्वाचं. गोठ्यावर गेलात तर पेंडेचं पोतं उघडून वास घ्या. सरकी पेंड किंवा मका कोंदट, बुरशीचा वास मारत असेल तर त्यातलं बुरशीचं विष म्हणजे अ‍ॅफ्लाटॉक्सिन दुधात उतरतं आणि उकळून जात नाही. २०१८ च्या देशव्यापी दूध सर्वेक्षणात भेसळीपेक्षा मोठी अडचण म्हणून हेच पुढे आलं होतं. शिळे पाव, बेकरीचा टाकाऊ माल गाईंपुढे पडलेला दिसला तर तिथून परत फिरावं.

दुसरा प्रश्न: गाईला कासदाह झाला, सडात औषधाची ट्यूब सोडली, तर त्या दिवसांचं दूध कुठे जातं? चांगला गवळी ट्यूबवर लिहिलेले दिवस, बहुधा तीनेक, ते दूध वेगळं काढतो आणि तसं सांगताना अडखळत नाही. 'आमच्या गाई आजारीच पडत नाहीत' हे उत्तर मला पटत नाही. तिसरं, गाई दिवसभर दावणीला आहेत की मुक्त संचार गोठ्यात? हे न विचारताही कळतं. पुढच्या गुडघ्यांवर आणि मागच्या पायांच्या सांध्यांवर केस जाऊन गाठी आलेल्या दिसल्या की गाई सिमेंटवर बसतात हे समजायचं.

घरी दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरवर फार विसंबू नका. पाणी घातलं की आकडा खाली येतो, पण साय काढली की वर जातो. दोन्ही केलं की आकडा छान जुळतो. कच्चं दूध पिण्याची नवी हौस पुण्यात दिसते. ब्रुसेलोसिस आणि क्षय हे गाईकडून दुधातून येणारे आजार आहेत, आणि देशी गाय त्याला अपवाद नाही. दूध उकळायचंच. लोणकढी तुपाचा भाव तपासायला एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे: ४ टक्के फॅटच्या गाईच्या दुधातून विरजून, घुसळून एक किलो तूप काढायला साधारण २५ ते ३० लिटर दूध लागतं. गुणाकार करून बघा. गाईचं तूप पिवळसर असतं कारण हिरव्या चाऱ्यातलं बीटा कॅरोटीन गाय तसंच फॅटमध्ये सोडते. म्हैस त्याचं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं तूप पांढरं.

मटणाची चिंता सगळ्यात कमी करावी. आपल्याकडचं शेळी-मेंढी पालन अजून बऱ्याच अंशी चराईवरच चालतं. संगमनेरी, उस्मानाबादी शेळ्या बांधावर आणि माळावर चरतात, धनगरांची मेंढरं तर वर्षातले कित्येक महिने पायीच असतात. महापालिकेचा शिक्का असलेलं, समोर लटकवलेलं बोकडाचं मटण घेतलं तर ते बहुतेक वेळा 'गावरान' चिकनपेक्षा जास्त गावरान असतं. माशांत मात्र उलटं. भिगवणची चिलापी उजनीच्या पाण्यात आपोआप वाढलेली, कुणी खाद्य न टाकलेली. पण त्या पाण्यात मुळा-मुठेतून पुण्याचंच सांडपाणी जातं. तळ्यात नीट पाळलेली रोहू-कटला मला त्यापेक्षा बरी वाटते.

घाण्याच्या तेलाला एकच गणित: एक लिटर शेंगदाणा तेलाला सव्वादोन ते अडीच किलो दाणे लागतात. तेलाचा भाव तेवढ्या दाण्यांच्या भावापेक्षा कमी असेल तर घाणा फक्त दाखवायला फिरतो आहे.

थेट पाळणाऱ्याकडून घ्यायचं ठरवलं तर मुळशी, वेल्हे, भोर, मावळ हा पट्टा जवळचा. तिथे घरटी पाच-दहा कोंबड्या असतात, पण विकायला एका वेळी दोन-तीनच. त्यामुळे आठ दिवस आधी सांगून ठेवावं लागतं. आखाडात, गटारीच्या आधी, कुणाकडेच पुरेसे पक्षी नसतात आणि भेसळ तेव्हाच सगळ्यात जास्त. श्रावण लागला की मागणी पडते; ज्यांना श्रावण पाळायचा नाही त्यांनी खरेदी तेव्हा करावी. 'फार्म'ला भेट देणार असाल तर शेडभोवतीची जमीन बघा. एकराला दोन-अडीचशेच्या वर पक्षी झाले की गवत टिकत नाही. शेडच्या दारापुढे गवत असेल तर कोंबड्या बाहेर येतच नाहीत. दारापुढे उघडी माती आणि लांबवर विरळ होत गेलेलं गवत असेल तर येतात. फोटोतल्या हिरव्यागार कुरणावर फार भाळू नये.

शेवटी पातेलं. बऱ्याच घरांत एकदा खरी गावरान आणली जाते, ती चिवट लागते आणि परत ब्रॉयलर सुरू होतो. दोष पक्ष्याचा नसतो. पहिली चूक कापून आणल्याबरोबर शिजवण्याची. कापल्यावर अर्ध्या-एक तासात स्नायू आखडतात आणि सैल व्हायला काही तास लागतात. जून पक्षी तर सहा-आठ तास फ्रीजमध्ये ठेवावाच. दुसरी चूक कातडी काढण्याची. पिसं उपटून, जाळावर भाजून, हळद चोळून घ्या. पिसं काढायचं पाणी ६० ते ६५ अंश असावं. खळखळत्या पाण्यात बुडवलं की कातडी फाटते. दीड किलोचा जिवंत पक्षी कातडीसकट साधारण एक किलो भरतो.

एक किलोला पाऊण चमचा हळद, दीड चमचा मीठ, दोन मोठे चमचे आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण चोळून तासभर ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात दोन चमचे तेल, एक चिरलेला कांदा, त्यावर तुकडे घालून मध्यम आचेवर दहा मिनिटं परता. सुटलेलं पाणी आटू द्या. मग सव्वा लिटर कढत पाणी, वर ताट, ताटात पाणी. सहा महिन्यांच्या पक्ष्याला मंद आचेवर सव्वा तास, वर्षाच्या पुढच्या कोंबडीला दोन तास. कुकर असेल तर एक शिट्टी झाल्यावर आच बारीक करून अनुक्रमे २० आणि ३५ मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. गिरिराजला बारा मिनिटं पुरतात, कॉकरेलला आठ-दहा. वेळ वाचवायला मोठ्या आचेवर पाठोपाठ शिट्ट्या काढल्या की मांसाच्या दोऱ्या होतात आणि तरी हाडाजवळ चिवट राहतं. चिवटपणा ज्या तंतूंमुळे असतो ते मंद आचेवर बराच वेळ राहिल्यावरच विरघळतात. दही किंवा कच्ची पपई पृष्ठभागावरच काम करते. जून पक्ष्याला पपई लावली तर बाहेर लगदा आणि आत रबर.

शिजल्यावरचं पाणी म्हणजे अळणी. त्यातलं निम्मं मिरपूड घालून तसंच प्यायला ठेवा, उरलेल्यात भाजलेले दोन कांदे, ५० ग्रॅम सुकं खोबरं, चमचाभर तीळ आणि लसूण यांचं वाटण, दोन-तीन चमचे कांदा-लसूण मसाला घालून दहा मिनिटं उकळा. रस्सा पातळच असतो, तो घट्ट करायला काजू घालू नका. तंदुरी, फ्राय, बिर्याणी यांसाठी गावरान आणणं म्हणजे पैसे वाया घालवणं, तिथे कोवळा पक्षीच लागतो. अळणी उरली तर गाळून, गार करून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी वर पिवळ्या चरबीचा थर जमतो, तो चमच्याने काढून वेगळा ठेवावा. पुढच्या रश्श्याची फोडणी त्यातच करायची.